जावळ होईतो भाजी नाही

माझी थोरली लेक भिंत चाटायची. आता हे सांगितलं की नातवंडं हसतात, पण तेव्हा मला काही हसू येत नव्हतं. सोलापुरातलं आमचं सासरचं घर मातीच्या भिंतींचं, वरून पांढऱ्या मातीनं सारवलेलं. पोरगी रांगायला लागली आणि तिला हा एकच छंद जडला. खाली सोडली की तुरुतुरु भिंत गाठायची, दोन्ही तळहात टेकायची आणि जीभ लावायची. चुलीमागचा एक कोपरा तर तिनं चाटून चाटून गुळगुळीत करून टाकला होता. घरातले म्हणायचे, लेकरं माती खातातच, देवानंसुद्धा लहानपणी खाल्ली होती. मी म्हणायची, देवाला वर लोणी तरी मिळत होतं.

तोंड आवरणं मला कधी जमलं नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ती माझी ख्याती. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणत आणि सासऱ्यांना मामंजी. मामंजींचं सुताचं दुकान होतं. विणकर माणसं दिवसभर ओसरीवर बसलेली असायची, सुताचे गठ्ठे उचलून जायची, आणि त्यांच्या बोलण्याचा आवाज माजघरापर्यंत यायचा. पण दुकानात काहीही असो, उंबऱ्याच्या आत राज्य आत्याबाईंचं. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. बोलायच्या मराठीत, पण संतापल्या की कानडीत शिरायच्या. "ब्याड!" असं एकदा म्हणाल्या की ती गोष्ट संपली. ब्याड म्हणजे नको. हा एक शब्द घरातल्या मांजरालासुद्धा कळायचा.

माझं माहेर मोडनिंबच्या बाजूचं. वडील मळेकरी, विहिरीवर मोट, आणि मोटेच्या पाण्यावर पिकेल ती सगळी भाजी. आमच्या घरी भाकरी कमी पडली तरी चालायचं, भाजी कमी पडलेली मला आठवत नाही. आम्ही भावंडं वाफ्यातून चालताना हाताला लागेल ते तोडून खायचो. कोवळी भेंडी, मातीसकट गाजर, पावट्याचे दाणे. त्यामुळे लहान मुलाला भाजी द्यायची की नाही, हा प्रश्न असू शकतो, हेच मला लग्नाआधी ठाऊक नव्हतं.

तो प्रश्न मला पहिल्यांदा भेटला तो लेकीच्या उष्टावणाला. उष्टावण म्हणजे बाळाच्या तोंडात अन्नाचा पहिला घास, आणि तो मामानं घालायचा. माझा भाऊ, म्हणजे आमचा दादा, बार्शी लाइटच्या त्या छोट्या गाडीनं कुर्डुवाडीला आला, तिथं मोठी गाडी पकडली आणि सोलापूरला उतरला. डोक्यावर ही एवढी पाटी. दुधी, तांबडा भोपळा, दोडकी, तांदुळजाच्या जुड्या. भाचीच्या पहिल्या जेवणाला मामानं रिकाम्या हातानं यायचं नाही, असा त्याचा हिशेब. सोन्याच्या अंगठीनं त्यानं तिला खीर चाटवली, पोरीनं मिटक्या मारल्या, सगळ्या बायका हसल्या. मग दादा भोळेपणानं म्हणाला, "आता दुधी शिजवून घाल की तिला. मऊ हाय, लोण्यावानी."

आत्याबाईंनी पाटी उचलून स्वयंपाकघरात नेली आणि तिथूनच बोलल्या. "आमच्यात जावळ झाल्याबिगर लेकराच्या तोंडात भाजी घालत न्हाईत. पोटात डबा धरतोय."

डबा म्हणजे लहान मुलांच्या पोटाचं आणि छातीचं ते दुखणं, ज्यात पोट फुगतं, श्वास भरून येतो, आणि पुष्कळदा मूल हाती लागत नाही. ते नाव ऐकल्यावर कुठली आई वाद घालील? वाटलं, जावळ तर काय, करतील दोन-चार महिन्यांत. मग कळलं की या घरात जावळ तिसऱ्या वर्षी काढतात. जावळ, म्हणजे जन्माचे केस, विषम वर्षात काढायचे, पहिल्या, तिसऱ्या नाहीतर पाचव्या. पहिलं वर्ष सरायच्या आत झालं तर झालं, नाहीतर दुसरं अख्खं वर्ष थांबायचं. आणि माझ्या लेकीच्या तोंडात तोवर मऊ भात, वरणाचं पाणी आणि दूध. सकाळी मऊ भात, दुपारी मऊ भात, संध्याकाळी बदल म्हणून भाताची पेज.

सुरुवातीला ती खायची. मग तोंड फिरवायला लागली. मग अंग धरेना. गोरी दिसायला लागली तेव्हा बायका म्हणाल्या, काय रंग उजळलाय पोरीचा! मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हती. कागदासारखं पांढरं. त्यात तिला शौचाला होईना. कुंथून कुंथून लाल व्हायची, किंचाळायची, माझा पदर मुठीत धरायची. मग आत्याबाई एरंडेल काढायच्या. दर आठवड्याला ते ठरलेलंच. पाय लांब करून बसायचं, पोरीला पायांवर आडवी घ्यायची, गुडघ्यांत हात अडकवायचे, आणि बोंडल्यानं, म्हणजे त्या लांब चोचीच्या वाटीनं, तेल सरळ घशात सोडायचं. एक दिवस बरा जायचा. पुन्हा तेच.

आणि उरलेल्या वेळात ती भिंत चाटायची. पोरीला काहीतरी हवं आहे आणि ते तिला मिळत नाही, एवढं मला कळत होतं. मळ्यातली शेळीसुद्धा मीठ हवं असलं की दगड चाटते. ते शेळीचं आम्हाला कळायचं, मग लेकराचं का कळू नये?

आमच्या भिंतीला भिंत लागून एका तेलुगू विणकराचं घर होतं. त्याच्या बायकोला माझ्यापुढंमागंच मुलगा झालेला. ती अंबाडीचा पाला घालून डाळ शिजवायची, भातात कालवायची, बोटांनी चिरडून मुलाला भरवायची. तो तोंडभर हिरवा होऊन दारात बसलेला असायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसायचा. मी आत्याबाईंना एकदा म्हटलं, "त्याला कुटं डबा झालाय?"

"त्यांची रीत त्यांच्यापाशी," आत्याबाई म्हणाल्या. "आपली आपल्यापाशी."

पोर पौष सरता सरता जन्मलेली. कार्तिक लागला तेव्हा मी मनाशी मोजलं. पौष संपायच्या आत जावळ झालं नाही तर पुढचं अख्खं वर्ष असंच जाणार होतं. एरंडेल, मऊ भात आणि भिंत. त्या वर्षात ही पोर माझ्याजवळ राहील का, असा विचार एकदा मनात आला आणि मग तो जाईचना. दुपारी जेवणं झाल्यावर मी पदर खोचून आत्याबाईंपुढं उभी राहिले आणि सरळ विचारलं, "जावळ पहिल्याच वर्षी घेतलं तर काय बिघडतंय?"

"तिसऱ्यातच घ्यायचं."

"पण पहिलं बी चालतंय की. दुनियेत चालतंय."

"ब्याड!"

यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, आईपुढं माझं काय चालतं? मामंजींना सांगायची सोय नव्हती, त्यांच्यासमोर आम्ही डोक्यावरचा पदर सोडत नसू. मग मी तेच केलं जे माझ्या हातात होतं. संध्याकाळी ताट वाढून घेतलं, भाजी बाजूला सारली, आणि म्हटलं, "जे माझ्या लेकीला चालत न्हाय ते मला बी नको. तिचं जावळ होईतो मी भाजी खाणार न्हाय."

ते दिवसच तसे होते, स्वराज्याच्या चळवळीचे. जो तो काहीतरी सोडत होता. कुणी विलायती कापड सोडलं, कुणी चहा सोडला, आमच्या आळीत एकानं तर तपकीर सोडली होती आणि तो सगळ्यांवर डाफरत फिरायचा. मी भाजी सोडली. आत्याबाईंना ते नाटक वाटलं. "चार दिवस र्‍हाईल," असं त्या शेजारणीला सांगताना मी ऐकलं, आणि ते ऐकून मी आणखीच पेटले.

मळेकऱ्याच्या पोरीनं भाजी सोडणं काय असतं ते मला विचारा. सारा हिवाळा तोंडावर. बाजारात मेथी आलेली, चाकवत आलेला, कोवळी वांगी आलेली. ते सगळं मीच निवडायची, मीच फोडणीला टाकायची, वासानं तोंडाला पाणी सुटायचं, आणि स्वतःच्या ताटात भात नि दूध. लेक जे खाते ते मी. भाकरीबरोबर शेंगाची चटणी तेवढी घ्यायची, नाहीतर दोन घास उतरले नसते. पहिले काही दिवस मला फार अभिमान वाटला. मग मलाही शौचाला होईना. मग तोंड आलं, जिभेवर फोड, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा. बोलताना दुखायचं. घरात थोडी शांतता झाली, आणि तिचा आनंद मामंजींना झाला असावा असा मला अजून संशय आहे.

पण मी अंगावर पाजत होते. सून आजारी पडली, तिचं दूध आटलं, तर नातीचं काय? आत्याबाईंनी काही दिवस दुरून पाहिलं. कार्तिक संपत आला तेव्हा एका सकाळी मी चुलीपुढं पोटाला हात लावून बसले होते. त्यांनी ताकातला चाकवत केला होता, दाटसर, वर लसणीची फोडणी. वाडगं माझ्यापुढं आदळलं.

"गुमान खा," त्या म्हणाल्या. "पालेभाजीबिगर पोट साफ हुतंय व्हय? तोंड बघ कसं फुटलंय! मऊ भात खाऊन माणूस जगतंय का?"

मी वाडग्याकडं पाहिलं. पोरगी तेव्हा नेहमीसारखी त्या कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून बसली होती. मी काही ठरवून बोलले नाही. फोडांमुळं नीट बोलताही येत नव्हतं.

"मग तिनं कसं जगावं, आत्याबाई?"

त्यांच्या हातात पळी होती. ती तशीच राहिली. त्या पोरीकडं बघत राहिल्या, आणि मला वाटलं आता कानडी सुरू होणार. पण त्या खाली बसल्या. चुलीपुढं, माझ्या शेजारी. असं त्या कधी बसत नसत.

मग त्यांनी सांगितलं. माझ्या यजमानांच्या पाठीवर त्यांना एक मुलगा होता. ऐन पावसाळ्यात त्यांनी त्याला आपल्या ताटातली चुक्याची भाजी चाखवली. त्याला आवडली, म्हणून आणखी चाखवली. दुसऱ्या दिवशी पोट फुगलं, श्वास लागला, आणि दोन दिवसांत तो गेला. त्याचं जावळ व्हायचं होतं. "कुणी सांगितलं न्हवतं मला," त्या म्हणाल्या. "सासूनं न्हाय, देवीनं न्हाय. म्याच ठरवलं. देवीला क्यास दिल्याबिगर आता कुणाच्या बी तोंडात भाजी घालायची न्हाय. आन् लवकर बी द्यायचं न्हाईत. थोराड होऊ दे लेकरू, मग."

उष्टावणापासून मी समजत होते की ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ती एका बाईची होती. भीतीनं घातलेली. मला त्यांचा इतका राग होता, महिनाभर भांडं आदळल्याशिवाय मी एक काम केलं नव्हतं, आणि त्या क्षणी तो सगळा राग कुठं गेला मला कळलं नाही. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "पावसाळा हुता आत्याबाई. त्या दिवसांत पाणीच वाईट असतंय. भाजीनं न्हाय गेला तो. तुमच्या हातनं तर न्हाईच न्हाई."

त्या रडल्या नाहीत. पळी उचलली, पोरीजवळ गेल्या, तिला भिंतीपासून ओढून काखेला मारलं, तिची पापणी खाली ओढून पाहिली. बराच वेळ पाहिली. मग ओसरीच्या दाराशी जाऊन मामंजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिच्या भावाला निरोप धाडा. मार्गशीर्षात तुळजापूरला जायचंय."

मी वाडगं उचललं आणि चाकवत खाल्ला. शपथ जावळापर्यंतची होती हे मला ठाऊक होतं, पण जावळ ठरलं होतं, आणि वास असा येत होता की देवीनंही माझं ऐकलं असतं.

तुळजापूरला आम्ही सर्व्हिसच्या मोटारीनं, म्हणजे भाड्याच्या बसनं गेलो. त्या मोटारीनं आमची हाडं खिळखिळी केली, आत्याबाईंना वाटभर उलट्या झाल्या, आणि तरी मी अशी बसले होते जशी वरातीत बसावी. पोरीला दादानं मांडीवर घेतलं. न्हाव्यानं वस्तरा लावला तशी तिनं असा टाहो फोडला की देवळाच्या पायऱ्यांवरची माणसं वळून बघायला लागली. केस पडत होते ते आत्याबाई पदरात झेलत होत्या. पोरीचं डोकं नारळासारखं गोल निघालं. मला नाचावंसं वाटत होतं. देवीला हात जोडून मी काय मागितलं म्हणाल तर गाजरं. खरंच. म्हटलं, आई, आता घरी जाऊन हिला गाजर देते, तेवढं पचव.

दादा पाटी घेऊनच आला होता. पण माझी खरी फजिती पुढंच होती.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी गाजर शिजवलं. मऊ, बोटानं दबेल असं. मलमलच्या फडक्यात घालून पिळून काढलं, मिठाचा कण, तुपाचा थेंब. रंग असा सुरेख की माझंच मन भरलं. पाय लांब करून बसले, पोरीला आडवी घेतली, बोंडलं भरलं आणि ओठाला लावलं. तिनं दात आवळले. दोनच होते, पण आवळले. मी गाल दाबून आत सोडलं, तिनं ते सगळं फुर्रकन माझ्या तोंडावर उडवलं. वर असं किंचाळली जसं मी तिला विष पाजत होते.

पुढं तांबडा भोपळा. तसाच. मग दुधी. तो तर माझ्या डोळ्यात. एकेक भाजी मी दोन-तीन दिवस धरून बघायची, की ही नको तर ही, आणि पोरगी भाजीचं भांडं पाहिलं की रांगत पळायची. ज्यासाठी मी महिनाभर तोंड फोडून घेतलं, ते हिलाच नको होतं. विणकराच्या बायकोचा मुलगा दारात बसून हिरवंगार हसायचा, आणि मला त्या बिचाऱ्याचाही राग यायला लागला.

आत्याबाई सगळं पाहत होत्या. मग एकदा म्हणाल्या, "देवीला पटलेलं दिसत न्हाय. संक्रांतीपतुर बघू. न्हाईतर सोडून दे."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तेच वाईट होतं. जुनी भीती पुन्हा डोकं वर काढत होती, आणि ती एकदा घट्ट बसली की पोरीच्या ताटात पुन्हा मऊ भातच. मी न्हाणीघरात जाऊन रडले. तोंडावर पाणी मारून बाहेर आले आणि पुन्हा गाजर शिजवायला टाकलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. आमच्या भागात या दिवशी सगळ्या भाज्यांची एक भाजी करतात. गाजर, पावटा, वांगं, ओला हरभरा, बोरं, वर तिळाचं कूट. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. घरभर तो वास. पुरुषमाणसं जेवून उठली होती, आत्याबाईंचं ताट मांडलं होतं. माझं ताट घेण्याआधी पोरीचं एकदा उरकून घ्यावं म्हणून मी कोपऱ्यात बसले, पाय लांब केले, पोरीला आडवी घेतली. तिनं बोंडलं पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं.

आत्याबाई ताटावरून बघत होत्या. एकदम हातातला घास ताटात टाकून म्हणाल्या, "अगं ए! पाय लांब केलेस, पोर आडवी घेतलीस, बोंडलं काढलंस. तिला वाटतंय एरंडेल आलं की!"

मी पोरीकडं पाहिलं, बोंडल्याकडं पाहिलं, माझ्या लांब केलेल्या पायांकडं पाहिलं. देवाशपथ, मला हे एकदाही सुचलं नव्हतं. आमच्यात लेकराला काही द्यायचं म्हटलं की असंच द्यायचं. बाळकडू असंच, घुटी अशीच, एरंडेल असंच. मी एवढी मळेकऱ्याची लेक, पण भाजी देताना मीही औषधच पाजत होते.

"आण हिकडं," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी पोरीला आपल्या शेजारी बसती केली, मांडीला टेकवून. ताटातल्या भाजीतून एक गाजराचा तुकडा काढला, पाण्यात विसळला, बोटांनी चिरडून ताटाच्या कडेला ठेवला. स्वतः दुसरा तुकडा तोंडात टाकला आणि पोरीकडं न बघता चावत बसल्या. पोरगी हुंदके देत होती, ते थांबले. ती आजीच्या तोंडाकडं बघायला लागली. मग ताटाकडं. मग दोन बोटांनी तो लगदा उचलला, आधी गालाला लावला, मग नाकाला, आणि शेवटी तोंडात घातला.

थुंकलं नाही. तिनं तोंड वाकडं केलं, डोळे मिटले, अंग शहारलं. मग जीभ बाहेर काढून ओठावरचं आत ओढून घेतलं. आणि हात पुन्हा ताटात.

"खाल्लं!" मी ओरडले.

"वरडू नको, दचकंल ती," आत्याबाई म्हणाल्या, आणि स्वतःच माझ्यापेक्षा मोठ्यानं हसल्या. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. गाजर झालं, पावट्याचा चिरडलेला दाणा झाला, वांग्याचा गर झाला. आत्याबाई प्रत्येक घास आधी पाण्यात विसळत होत्या, सुरुवातीला दोन-दोनदा, मग एकदाच. त्या दिवशी त्यांची भाकरी तशीच राहिली. माझीही.

ती रात्र आम्ही दोघींनी पोरीच्या पोटावर हात ठेवून काढली असं म्हटलं तरी चालेल. पोट फुगलं नाही. सकाळ झाली, संक्रांत, दारात रांगोळी घालायची वेळ, आणि पोरीनं एरंडेलाशिवाय, कुंथल्याशिवाय, हसत खेळत शौच केलं. पुस्तकात हे लिहू नये असं कुणी म्हणेल तर म्हणू दे. मी आयुष्यात लग्नं पाहिली, बारशी पाहिली, पण असा जल्लोष पाहिला नाही. आत्याबाई भिंतीपलीकडं हाक मारून विणकराच्या बायकोला म्हणाल्या, "झालं गं, झालं!" तिला आधी वाटलं घरात कुणाला बाळ झालं. कळल्यावर ती इतकी हसली की तिचं हसणं रस्त्यापर्यंत गेलं, आणि मग ती तिळगुळाबरोबर अंबाडीच्या पाल्याची जुडीही देऊन गेली.

त्यानंतर पोरीनं मागं वळून पाहिलं नाही. दुधी, तांदुळजा, अंबाडीची डाळ, सगळं. मी बोंडलं माळ्यावर टाकून दिलं. उन्हाळा लागेपर्यंत तिची पापणी आतून गुलाबी झाली, गाल भरले, आणि भिंती चाटायला तिला सवड उरली नाही. मी जिंकले होते. हे असं सरळ म्हणायला मला अजूनही संकोच वाटत नाही. मी जिंकले आणि माझी लेक जगली.

तीन-चार वर्षांनी धाकट्या दिरांना मुलगा झाला. धाकटी जाऊ बार्शीची, फार भित्री. उष्टावण होऊन आठवडा झाला नसेल, मी पाणी भरून घरात येते तो आत्याबाई चुलीपुढं बसलेल्या, मलमलचं फडकं हातात, आणि भोपळा पिळून काढत होत्या. बाळ शेजारी पाटावर टेकून बसवलेलं. जावळाचा तर अजून पत्ताच नव्हता.

जाऊ दाराशी हात चोळत उभी होती. म्हणाली, "आत्याबाई, जावळाआधीच भाजी? आमच्या माहेरी तर म्हणतात, डबा धरतो."

आत्याबाईंनी मान वरसुद्धा केली नाही. बोटावर भोपळा घेतला, बाळाच्या ओठाला लावला आणि ठसक्यात म्हणाल्या, "तुज्या माहेरी काय बी असू दे. आमच्या घराण्याची रीतच हाय ही."

"कधीपासूनची?" जाऊनं विचारलं.

माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. घागर कमरेवरून उतरवता उतरवता मी आत्याबाईंकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"पहिल्यापासूनची," त्या म्हणाल्या, आणि बाळानं तोंड उघडलं.